फक्त बारा आकडे पुरत नाहीत: उष्ण शहरांच्या प्रशासनांना खुले पत्र

प्रति,
समुद्रापासून दूर वसलेल्या उष्ण शहरांची नगरप्रशासने,
आणि त्यांचे नियोजन, आरोग्य, बांधकाम व शिक्षण विभाग

विषय: मासिक सरासरी तापमानाचा तक्ता कसा काढावा, कसा छापावा आणि कोणत्या कामाला वापरू नये

महोदय, महोदया,

विकास आराखडा असो, नव्या रुग्णालयाची निविदा असो किंवा शाळांच्या वेळा बदलण्याचा प्रस्ताव असो, शहराची ओळख करून देणाऱ्या पानावर बारा आकड्यांचा एक तक्ता हमखास असतो. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्यासमोर एक सरासरी तापमान. तो कोणत्या वर्षांवरून काढला, कोणत्या हवामान केंद्राचा आहे, दिवसाची सरासरी कोणत्या रीतीने धरली, यातले काहीही बहुधा लिहिलेले नसते. पुढच्या अहवालात तोच तक्ता जसाच्या तसा उतरवला जातो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हा एकटा आकडा निर्णयाला पुरत नाही. त्याच्या शेजारी कमाल आणि किमान वेगवेगळे द्या, तो कसा काढला ते लिहा, आणि ज्या कामाला तो चालत नाही तिथे तो वापरू नका. लागणारी बहुतेक माहिती रोजच्या नोंदींमध्ये आधीच असते. ती बेरीज करताना हरवते.

दोन शहरे घ्या. दोन्हींची एका महिन्याची सरासरी ३३ अंश सेल्सिअस. एकात दुपारी ३६ आणि पहाटे ३०, दुसऱ्यात दुपारी ४२ आणि पहाटे २४. पहिले समुद्रकाठचे आहे, दुसरे आतल्या भागातले. तक्त्यात दोन्ही सारखीच दिसतात. पण दुसऱ्या शहरात जाड भिंती बांधून रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या, तर पहाटेची २४ अंशांची हवा भिंतींतली उष्णता बाहेर काढते आणि दुपारपर्यंत घर सुसह्य राहते. पहिल्या शहरात ही युक्ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पहाटेची हवाच ३० अंशांवर असते. उलट दुसऱ्या शहरात दुपारी उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला जो धोका आहे तो पहिल्यात त्या स्वरूपात नाही. घराची रचना, कामाच्या वेळा, विजेची मागणी हे सगळे या दोन टोकांवर ठरते आणि सरासरी नेमकी ही दोन टोके लपवते.

आतल्या शहरांत हे अंतर मोठे असण्याचे कारण साधे आहे. जमीन कोरडी असली की उन्हाची ऊर्जा बाष्पीभवनात खर्च होत नाही, ती थेट हवा तापवते. दुपारी तापमान खाली आणायला समुद्रावरचा वारा नसतो. रात्री आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने जमिनीची उष्णता भराभर आकाशाकडे निघून जाते. म्हणून कोरड्या महिन्यांत दिवस आणि रात्र यांच्यात १५ ते १८ अंशांचा फरक पडू शकतो. पावसाळ्यात ढग आणि ओली जमीन हाच फरक निम्म्यावर आणतात. एकाच शहरात दोन महिन्यांची सरासरी सारखी आणि दिवसरात्रीचे गणित मात्र पूर्ण वेगळे, असे सहज घडते.

आता आकडा तयार कसा होतो ते पाहू, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

दिवसाची सरासरी काढण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली: कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन. दुसरी: दिवसभर सारख्या अंतराने घेतलेल्या नोंदींची सरासरी, चोवीस तासांच्या चोवीस किंवा दर तीन तासांच्या आठ. दोन्ही उत्तरे सारखी येत नाहीत. उदाहरणादाखल रात्री २ वाजल्यापासून दर तीन तासांनी २७, २५, २८, ३५, ४०, ३९, ३३, २९ अशा नोंदी आहेत असे धरा. बेरीज २५६, सरासरी ३२.०. त्याच दिवशी कमाल ४१.० आणि किमान २४.६ असेल, तर पहिल्या रीतीने उत्तर ३२.८ येते. उत्तरांत ०.८ अंशाचा फरक पडला तो रीतीमुळे, हवा तीच होती. दुपारचे शिखर थोड्या वेळाचे असते आणि रात्रीची थंडावण्याची क्रिया लांबते, म्हणून उष्ण कोरड्या ठिकाणी पहिली रीत बहुधा जास्त आकडा देते. काही देशांत सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ अशा तीन नोंदी घेऊन, रात्रीची दोनदा धरून, चाराने भागण्याची रीत दीर्घकाळ चालली. कोणतीही रीत चालेल, पण मध्येच बदलू नये, आणि बदललीच तर मागची सगळी वर्षे नव्या रीतीने पुन्हा काढावीत. साध्या नोंदवहीच्या जागी स्वयंचलित केंद्र आले की संगणक आपोआप दुसरी रीत लावतो आणि आलेखात पायरी दिसते. त्या पायरीवरून ‘शहर थंड झाले’ किंवा ‘शहर अचानक तापले’ असे निष्कर्ष निघतात.

आकडा पूर्णांकात करण्याची सवय याहून लहान वाटते, पण तिचे नुकसान अगदी मोजता येण्यासारखे आहे. कमाल आणि किमान दोन्ही पूर्ण अंशांत लिहिले असतील, तर त्यांची सरासरी निम्म्या वेळा पूर्णांक येते आणि निम्म्या वेळा अर्ध्यावर अडकते. प्रत्येक अर्धा वरच्या अंकाला नेला, तर महिन्याच्या सरासरीत सुमारे ०.२५ अंश फुकट वाढतो. म्हणून दिवसाचा आकडा पूर्णांकात न आणता तसाच ठेवा. महिन्याची बेरीज आणि भागाकार झाल्यावर शेवटी एकदाच, एका दशांश स्थळापर्यंत आणा.

नोंद कोणत्या वेळी घेतली हेही महत्त्वाचे. कमाल तापमापक (शेवटी लावल्यापासूनचे सर्वोच्च तापमान धरून ठेवणारा) संध्याकाळी पाच वाजता वाचून पुन्हा लावला आणि त्या क्षणी हवा अजून ४१ वर असली, तर दुसरा दिवस ढगाळ आणि ३७ अंशांचा गेला तरी तापमापक ४१ दाखवेल. एक तापलेली दुपार दोन दिवसांच्या खात्यात पडते. सकाळी वाचणाऱ्या केंद्रांत उलटा प्रकार होतो: किमान वाचल्यावर लगेच पुन्हा लावला तर एकच थंड पहाट दोनदा मोजली जाऊ शकते. शिवाय सकाळी वाचलेले कमाल हे आदल्या दुपारचे असते, ते आदल्या तारखेखाली लिहायला हवे. ही तारखेची चूक महिन्याच्या सरासरीत दिसत नाही, कारण बेरीज जवळपास तीच राहते. पण आरोग्य विभाग तीच नोंद रुग्णालयातल्या दाखल रुग्णांशी दिवसागणिक जुळवायला जातो तेव्हा सगळे एका दिवसाने सरकलेले असते आणि ‘उष्णतेचा आणि आजाराचा संबंध दिसत नाही’ असा अहवाल येतो.

नोंदी गळाल्या तर काय करायचे, याला नियम आहे. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार महिन्यात अकरा किंवा जास्त दिवस गहाळ असतील, किंवा सलग पाच किंवा जास्त दिवस गहाळ असतील, तर त्या महिन्याची सरासरी काढू नये. हा नियम जाचक वाटला तरी त्यामागे कारण आहे. उन्हाळ्याकडे जाणाऱ्या महिन्यात तापमान रोज सरासरी ०.२ अंशाने चढत असेल आणि ३१ पैकी शेवटचे दहा दिवस गहाळ असतील, तर उरलेल्या २१ दिवसांची सरासरी खऱ्यापेक्षा बरोबर १ अंश कमी येते. आणि गहाळ दिवस योगायोगाने पडत नाहीत. वीज जाते ती उन्हाच्या कडाक्यात, यंत्राची बॅटरी बसते तीही त्याच दिवसांत. म्हणजे नेमके सर्वांत तप्त दिवस नोंदीतून निसटतात.

याच्याही पेक्षा वाईट म्हणजे रिकाम्या जागी शून्य भरणे. ३२ अंशांच्या महिन्यात एका दिवसासमोर शून्य पडले की तीस दिवसांची सरासरी १.१ अंशाने खाली येते. नोंद नसल्याची उणे ९९.९ सारखी खूण बेरजेत शिरली तर सुमारे ४.४ अंशांचा खड्डा पडतो आणि निदान कोणाच्या तरी लक्षात येतो. शून्य लक्षात येत नाही. नोंद नसेल तर रकाना रिकामा ठेवा, आणि महिन्यासमोर किती दिवसांवरून सरासरी काढली तो आकडा लिहा. सरासरीसारखाच तोही छापला गेला पाहिजे.

आता उपकरणांविषयी, कारण शहरांनी स्वतःची केंद्रे उभारण्याची गती वाढली आहे आणि त्यांतली बरीच चुकीच्या जागी उभी राहतात.

हवेचे तापमान म्हणजे सावलीतले, वारा खेळत असलेले, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरचे तापमान. पारंपरिक केंद्रात त्यासाठी पांढरी, झडपांच्या दुहेरी भिंतींची स्टीव्हन्सन पेटी असते. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. दक्षिण गोलार्धात ते दक्षिणेकडे ठेवतात. स्वयंचलित केंद्रात पेटीच्या जागी थाळ्यांची उतरंड असलेले प्लास्टिकचे कवच असते. जागतिक हवामान संघटनेच्या वर्गवारीत पहिल्या वर्गाच्या जागेला आखूड गवताची सपाट जमीन लागते आणि उष्णता सोडणारे किंवा परावर्तित करणारे पृष्ठभाग, तसेच पाण्याचे साठे, १०० मीटरपेक्षा दूर असावे लागतात. दुसऱ्या वर्गात हे अंतर ३० मीटर, तिसऱ्यात १० मीटर. चौथ्या वर्गाच्या जागेमुळे २ अंशांपर्यंत आणि पाचव्यात ५ अंशांपर्यंत जादा अनिश्चितता धरली जाते. कार्यालयाच्या गच्चीवर, वातानुकूलन यंत्राच्या पाठीमागे, डांबरी आवारात किंवा चौकातल्या फलकाच्या खांबावर लावलेले केंद्र या शेवटच्या वर्गांत मोडते. तिथला आकडा त्या गच्चीचा आहे, शहराच्या हवेचा नाही. रस्त्यावरच्या माणसाला काय सोसावे लागते हे मोजायचे असेल तर तशी केंद्रे जरूर उभारा. त्यांची सरासरी मात्र मुख्य केंद्राच्या तक्त्यात मिसळू नका.

जागा चांगली असूनही केंद्र बिघडते. कवचाचे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते, थाळ्यांवर धूळ बसते, आत गांधीलमाशा घर करतात. मग वारा पडलेल्या दुपारी कवच स्वतःच तापते आणि कमाल अंशभर जास्त दाखवते. किमानवर याचा परिणाम जवळपास नसतो. त्यामुळे कमाल आणि किमान यांतले अंतर वर्षागणिक हळूहळू वाढत गेलेले दिसले, तर हवामानाविषयी काही बोलण्याआधी कवच उघडून बघा. काचेच्या किमान तापमापकात वेगळी व्याधी असते: कडक उन्हाळ्यात अल्कोहोलची वाफ नळीच्या वरच्या टोकाला जाऊन थेंबांनी साचते, स्तंभ तेवढा आखूड होतो आणि तापमापक कमी दाखवू लागतो. दर आठवड्याला वरचे टोक पाहावे, थेंब दिसले तर फुगा खाली ठेवून तापमापक झटकून स्तंभ जोडावा. कमाल तापमापक झटकून पुन्हा लावल्यावर त्याचा आकडा शेजारच्या साध्या तापमापकाशी जुळतो का, ते रोज पाहावे. जुळत नसेल तर झटकणे अपुरे झाले आहे आणि उद्याचा आकडा आजच खोटा ठरला.

लिबियातल्या अल-अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदवलेले ५८ अंश हे नव्वद वर्षे जगातले सर्वोच्च तापमान मानले गेले. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती नोंद रद्द केली. नोंद करणारा बहुधा नवखा होता आणि त्याने तापमापकातल्या दर्शक काडीचे चुकीचे टोक वाचले असावे, त्यामुळे सुमारे ७ अंशांची चूक झाली असावी, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. स्वयंचलित यंत्रे यातून सुटलेली नाहीत. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले. तपासणीनंतर तिथला संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे जाहीर झाले. असे उच्चांक निदान डोळ्यांत भरतात आणि तपासले जातात. ०.८ अंश जास्त दाखवणारा संवेदक कोणाच्याच नजरेस येत नाही आणि महिन्यांच्या सरासरीत मुक्काम करतो. वाचनातली इकडची तिकडची चूक तीस दिवसांत विरून जाते. नेहमी एकाच बाजूला जाणारी चूक कितीही दिवसांची सरासरी काढली तरी तेवढीच उरते. म्हणून संवेदक वर्षातून एकदा प्रमाणित तापमापकाशी ताडून पाहणे आणि त्या तारखेची नोंद ठेवणे टाळू नका.

केंद्र हलवायचे किंवा उपकरण बदलायचे असेल, तर जुने आणि नवे किमान एक वर्ष, शक्यतो दोन वर्षे, शेजारी शेजारी चालवा. उंचीत शंभर मीटरचा फरक पडला तरी सरासरी सुमारे ०.६ अंशाने बदलते. जुन्या वस्तीतून मोकळ्या माळावर नेले तर रात्रीचे किमान त्याहून कितीतरी जास्त खाली येते. समांतर नोंदी नसतील तर हा फरक नंतर कोणालाही नेमका वेगळा काढता येत नाही.

शहराची ‘सामान्य’ मासिक सरासरी तीस वर्षांवरून काढतात. सध्याचा प्रमाण कालखंड १९९१ ते २०२० आहे आणि तो दर दहा वर्षांनी पुढे सरकतो. १९६१ ते १९९० हा कालखंड फक्त दीर्घकालीन बदल मोजायला संदर्भ म्हणून राखला आहे. तीसपैकी किमान २४ वर्षांचा तो महिना उपलब्ध असायला हवा. अनेक अहवालांत अजून जुन्या कालखंडाचे आकडे वर्ष न लिहिता छापले जातात. त्यावरून आज इमारत आखणे म्हणजे तिच्या आयुष्यात पुन्हा न येणाऱ्या हवेसाठी ती आखणे आहे.

कॅलेंडरचा महिना आणि ऋतू यांचे जमत नाही, हाही मुद्दा उष्ण शहरांत फार महत्त्वाचा आहे. वाळवंटी उपोष्ण शहरांत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये, सर्वांत तप्त महिना जुलै, म्हणजे सूर्य सर्वांत उत्तरेला पोहोचल्यानंतर सुमारे महिनाभराने. दक्षिण गोलार्धात, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जचा जानेवारी. या शहरांत महिन्याची सरासरी त्या महिन्यातल्या बहुतेक दिवसांसारखी असते. मोसमी पावसाच्या प्रदेशात तसे नसते. तिथे शिखर पावसाच्या आधी येते, पाऊस सुरू झाला की तापमान उतरते आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा एक लहान उंचवटा येतो. पाऊस ज्या महिन्याच्या मध्याला येतो त्या महिन्याचे पहिले पंधरा दिवस भट्टीसारखे आणि पुढचे पंधरा दमट असतात. त्याची सरासरी ज्या हवेचे वर्णन करते तशी हवा त्या महिन्यात एकाही दिवशी नसते. अशा शहरांनी मासिक आकड्यांबरोबर दहा दहा दिवसांच्या सरासऱ्या छापाव्यात. शाळा कधी उघडायच्या याचे उत्तर त्यात मिळते, महिन्याच्या आकड्यात मिळत नाही.

वातानुकूलनाची गरज मोजताना मासिक सरासरी आणखी एका प्रकारे फसवते. १८ अंश ही पायाभूत पातळी धरून त्यावरचे प्रत्येक दिवसाचे अंश मोजतात आणि बेरीज करतात. एखाद्या सौम्य महिन्यात अर्धे दिवस १४ आणि अर्धे २२ असतील, तर मासिक सरासरी १८ आणि गरज शून्य निघते. दिवसागणिक मोजले तर तीच गरज ६० अंश-दिवस भरते. कडक उन्हाळ्यात, जेव्हा प्रत्येकच दिवस पातळीच्या वर असतो, तेव्हा दोन्ही उत्तरे जुळतात. चूक होते ती ऋतू बदलाच्या महिन्यांत. आणि यंत्रांची क्षमता ठरवायला तर सरासरी मुळीच चालत नाही. तिथे वर्षातल्या ८,७६० तासांपैकी सर्वांत तप्त ०.४ टक्के, म्हणजे सुमारे ३५ तास ज्याच्या वर जातात, तो आकडा वापरण्याची रूढ रीत आहे. तो तासागणिक नोंदींतूनच मिळतो.

ओलाव्याशिवाय तापमान अर्धेच बोलते. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवतो. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तो सुमारे २९ दाखवतो. पाण्याचा कूलर हवा याच आकड्याच्या दिशेने थंड करतो. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पहिल्या हवेत तो ४२ वरून साधारण साडेसत्तावीसपर्यंत आणतो आणि दुसऱ्या हवेत ३३ वरून जेमतेम ३० पर्यंत. सरासरीच्या तक्त्यात दुसरा महिना नऊ अंशांनी सुखाचा दिसतो. कूलर लावलेल्या वॉर्डात तोच महिना जास्त त्रासाचा असतो, शिवाय घाम वाळत नाही. रुग्णालये, वसतिगृहे आणि निवारागृहे यांच्यासाठी निर्णय घेणाऱ्यांनी प्रत्येक महिन्यासमोर दुपारचे ओल्या तापमापकाचे सरासरी मान मागितलेच पाहिजे.

उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यांसाठी मासिक सरासरीवरून उंबरठा ठरवू नका. मे २०१० च्या तीव्र लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. त्यातले रंगांचे इशारे रोजच्या अपेक्षित कमाल तापमानावर बेतले होते, ४५ अंश आणि वर गेले की लाल. त्या शहराचा ४५ दुसऱ्याने उचलू नये. प्रत्येक शहराने आपल्या दैनंदिन कमाल तापमानाची आणि मृत्यूंची किमान दहा वर्षांची नोंद एकमेकांसमोर मांडून मृत्यू वाढू लागण्याचे वळण कुठे आहे ते शोधावे. एरवी ३५ पर्यंतच जाणाऱ्या शहरात ४० ला माणसे दगावू शकतात.

रात्रीची उष्णता या आराखड्यांत अजून दुर्लक्षित राहते, याची आम्हाला खरी काळजी वाटते. दाट वस्ती आणि बाहेरचा मोकळा भाग यांतला फरक दुपारी थोडा असतो. शांत, निरभ्र रात्री मात्र तो कित्येक अंशांचा होतो, कारण काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहते आणि अरुंद गल्ल्यांतून आकाश कमी दिसते. मुख्य केंद्र बहुधा विमानतळावर, शहराच्या कडेला असते. म्हणजे तक्त्यातले किमान हे ज्या लोकांना रात्री झोप लागत नाही त्यांच्या वस्तीचे नसते. फिनिक्समध्ये जुलै २०२३ ची मासिक सरासरी, दिवस आणि रात्र धरून, सुमारे ३९.३ अंश होती, आणि सलग ३१ दिवस कमाल ४३.३ अंश किंवा वर होते. इतकी सरासरी फक्त तापलेल्या दुपारींनी येत नाही. रात्री उतरल्या नाहीत म्हणून ती आली. दाट वस्त्यांत निदान काही ठिकाणी, भिंतीपासून दूर, योग्य कवचात संवेदक लावा आणि त्यांचे किमान वेगळ्या ओळीत छापा. उपग्रहाचे रंगीत नकाशे त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ते छपराचे आणि डांबराचे तापमान दाखवतात, आणि भर उन्हात ते हवेपेक्षा १५–२० अंशांनी सहज जास्त असू शकते.

तेव्हा पुढचा तक्ता छापताना प्रत्येक महिन्यासमोर आम्हाला हे हवे आहे: सरासरी कमाल, सरासरी किमान आणि त्यानंतर मासिक सरासरी. दहापैकी नऊ दिवस कमाल ज्याच्या खाली राहते तो आकडा. आजवरचे सर्वोच्च आणि सर्वांत कमी तापमान, तारखेसह. ४० अंशांवर गेलेल्या दिवसांची आणि २८ च्या खाली न उतरलेल्या रात्रींची सरासरी संख्या. शहराला साजेसे दुसरे उंबरठे घेतले तरी चालतील, पण एकदा ठरवल्यावर बदलू नयेत. दुपारची आर्द्रता किंवा ओल्या तापमापकाचे मान. तक्त्याखाली केंद्राचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, जागेचा वर्ग, कालखंड, दैनिक सरासरीची रीत, नोंदीच्या वेळा, आणि केंद्र किंवा उपकरण बदलल्याच्या तारखा. हे सगळे एका पानात मावते. दैनंदिन नोंदींची फाईलही त्याच्याबरोबर खुली ठेवावी, म्हणजे कोणत्याही अभियंत्याला, डॉक्टरला किंवा शिक्षकाला आपल्या कामाचा आकडा स्वतः काढता येईल.

प्रसिद्ध करण्यापूर्वी तीन तपासण्या कोणताही कनिष्ठ कर्मचारी करू शकतो. प्रत्येक दिवसाचे कमाल त्या दिवसाच्या सगळ्या तासांच्या नोंदींपेक्षा जास्त किंवा तेवढे आहे का, आणि किमान कमी किंवा तेवढे आहे का. सलग तीन-चार दिवस दशांशापर्यंत एकच आकडा आला आहे का. येत असेल तर उपकरण अडकले आहे. आणि शेजारच्या केंद्राशी असलेला महिन्याचा फरक मागच्या वर्षांच्या फरकापेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त सरकला आहे का. सरकला असेल तर आधी केंद्रावर जाऊन या, मग तक्ता छापा.

शेवटची विनंती जुन्या वह्यांची. बऱ्याच शहरांत हाताने लिहिलेल्या तापमानाच्या नोंदवह्या कपाटांत आहेत आणि कार्यालय हलवताना त्या रद्दीत जातात. त्यांचे पान न् पान छायांकित करा, शेऱ्यांच्या रकान्यासकट. ‘तापमापक फुटला’, ‘पेटी नव्या जागी नेली’, ‘सुट्टीमुळे नोंद नाही’ असे शेरेच पुढे एखादी पायरी हवेची की माणसाची हे ठरवायला उपयोगी पडतात, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसतात. हे काम येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र बाब म्हणून धरावे.

आपले,
तापमानाच्या नोंदी ठेवणारे, तपासणारे आणि त्यांचे गणित करणारे आम्ही सर्व